ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

"आरं, कुणालाबी सांगितला न्हाई मी ओटीपी. तुझी शपथ."

माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेले आठ महिने हे एकच वाक्य म्हणते आहे. बँकेत सांगून झाले, पोलीस ठाण्यात सांगून झाले, घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून झाले. समोरचा माणूस मान हलवतो आणि मनात म्हणतो, म्हातारीने सांगितला असणार. आक्का खरे बोलते. तिच्या खात्यातले ९६ हजार रुपये गेले, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे. १९८६ ते २०२० अशी ३४ वर्षे मी टेलिफोनच्या नोकरीत काढली. आधी तारांच्या एक्स्चेंजमध्ये, नंतर मोबाइलच्या टॉवरवर. त्यामुळे हे लोकांसमोर मांडणे माझे कर्तव्य आहे असे मी मानतो.

आक्का ७१ वर्षांची. कराडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावात राहते. हातात बटणाचा फोन. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तिच्या फोनची रेंज गेली. पावसाचे दिवस, रेंज जाते-येते, त्यामुळे तिला काही वाटले नाही. शनिवारी मी फोन लावला, लागला नाही. टॉवर बंद असेल असे मीही धरून चाललो. रविवारही तसाच गेला. सोमवारी भाच्याने बँकेत जाऊन पासबुक भरून आणले आणि पाच नव्या ओळी दिसल्या. शनिवारी रात्री ५,००० रुपये. रविवारी चार वेळा मिळून ९१,०००. उसाचे बिल नुकतेच जमा झाले होते. घराच्या मागच्या भिंतीला गिलावा करायचा, म्हणून तिने ते राखून ठेवले होते.

पुढच्या दोन आठवड्यांत जे कळले ते असे. दहा दिवस आधी तिला 'बँकेतून' फोन आला होता. "आजी, तुमचं कार्ड बंद होणार आहे, केवायसी करायची आहे." तिने नातवाकडून डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख वाचून घेतली आणि सांगितली. ओटीपी मात्र मागूनही दिला नाही, कारण तो द्यायचा नसतो हे तिने फोनच्या रिंगच्या जागी वाजणाऱ्या सूचनेत रोज ऐकले होते. त्यानंतर दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या दुकानातून तिच्या नंबरचे डुप्लिकेट सिम निघाले. नवे सिम चालू झाले त्या क्षणी तिच्या फोनमधले जुने सिम मेले. त्या सिमच्या अर्जावर फोटो कुणाचा होता आणि अंगठा कुणी लावला, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

सिम बदलल्यावर २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद ठेवावेत, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. तो पाळलाही गेला. चोरांनी ते २४ तास शांतपणे जाऊ दिले. शनिवारी दुपारी एसएमएस सुरू झाले आणि त्यांनी स्वतःच्या स्मार्टफोनमध्ये ते सिम घालून आक्काच्या नावाने यूपीआय चालू केले. यूपीआय ॲप सुरू होताना फोनमधून बँकेकडे आपोआप एक एसएमएस जातो आणि बँक तेवढ्यावरून मानते की हा फोन खातेदाराचा आहे. पिन ठरवायला कार्डाचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो. आकडे त्यांच्याकडे होते. ओटीपी आला तो आक्काच्या नंबरवर, पण आक्काकडे नाही. जे तिला मिळालेच नाही ते ती कुणाला सांगणार?

बँकेतला तरुण अधिकारी वागायला चांगला होता. तो म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये सगळं बरोबर दिसतंय. नंबर त्यांचा, ओटीपी बरोबर, पिन बरोबर." त्याचेही खोटे नव्हते. त्याच्या तोंडचे 'सगळं बरोबर' ऐकताना मला तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक डीपी, म्हणजे टेलिफोनच्या खांबावरची जोडणीची पेटी, आठवली.

तारांच्या काळात नंबर म्हणजे तांब्याच्या दोन तारांची एक जोडी होती. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची मोठी लोखंडी चौकट असते. तिथून ती जोडी निघायची, रस्त्याकडेच्या पिलरमधून खांबावरच्या डीपीत आणि तिथून घरात. एका किराणा दुकानदाराला एकदा नेहमीच्या चौपट बिल आले. तो तक्रार घेऊन आला, "साहेब, एवढे एसटीडी मी केलेच नाहीत." मीटर तपासले, बिनचूक होते. कागदावर सगळे बरोबर. पण आमचा लाइनमन जुना होता. तो शिडी लावून खांबावर चढला, त्याने डीपीचे झाकण उघडले आणि मला वर बोलावले. आत सगळे स्क्रू गंजून तपकिरी झालेले. फक्त दुकानदाराच्या जोडीच्या दोन स्क्रूंवर चकचकीत पिवळे चरे होते. रात्री कुणीतरी चिमटे लावून आपला फोन त्या तारेला जोडत होते. बिल कमी झाले, प्रकरण मिटले. मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट कायमची शिकलो. मीटर तारेला ओळखते, माणसाला ओळखत नाही.

मोबाइल आला तेव्हा आम्हाला वाटले, ही चोरी आता संपली. तसे वाटायला कारणही होते, कारण सिमची रचना खरोखर सुंदर आहे. प्रत्येक सिममध्ये १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते. तिची जोडीची प्रत फक्त कंपनीच्या केंद्रात असते. फोन चालू झाला की कंपनी त्याला एक नवाच आकडा पाठवते. सिम आपल्या किल्लीने त्या आकड्याचे गणित करून उत्तर परत पाठवते. केंद्रातही तेच गणित होते. दोन्ही उत्तरे जुळली की सेवा सुरू. किल्ली हवेतून कधीच जात नाही. पहिल्यांदा प्रशिक्षणात हे शिकलो तेव्हा मी हरखून गेलो होतो.

पण या परीक्षेत पास होते ते सिम. सिम कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. आणि ज्या दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत नवे सिम मिळते, तिथे या गणिताचा काही संबंध नाही. तिथे फक्त एक कागद आणि एक घाईत असलेला माणूस असतो. १२८ बिटांच्या किल्लीचे संरक्षण त्या काउंटरवर संपते, ही पहिली उणीव.

दुसरी उणीव जुन्या टू-जी मध्येच आहे. तिथे फोनने टॉवरला आपली ओळख पटवायची, पण टॉवरने फोनला पटवायची सोयच नाही. त्यामुळे गाडीत बसवलेले खोटे टॉवरयंत्र आसपासच्या फोनना आपल्याकडे ओढू शकते आणि बँकेच्या नावाने खोटे एसएमएस टाकू शकते. टू-जी ची हवेतली सांकेतिक लिपीही जुनी झाली. २००९ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने ती फोडण्याची पद्धत जाहीरपणे मांडली. थ्री-जी पासून दोन्ही बाजूंनी ओळख पटवणे आले. फाइव्ह-जी मध्ये ग्राहकाचा कायमचा ओळखक्रमांकही झाकून पाठवण्याची व्यवस्था झाली. सुधारणा झाल्या, यात वाद नाही. पण जोवर फोन टू-जी स्वीकारतो, तोवर त्याला मागे खेचून जुन्या दाराने आत शिरता येते.

तिसरी उणीव तर आम्हा एक्स्चेंजवाल्यांच्या घरातली. एसएमएस फोनपासून टॉवरपर्यंत सांकेतिक रूपात जातो. पुढे कंपनीच्या यंत्रणेत तो उघडा असतो. हे तारेसारखेच आहे. तार पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणचा तारबाबू मजकूर वाचतच पुढे द्यायचा. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण आपल्या बँकांच्या किल्ल्या आजही तारेसारख्याच उघड्या प्रवास करतात.

कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला आम्ही 'सिग्नलिंग सेव्हन' म्हणायचो. ती १९७० च्या दशकात आखली गेली, तेव्हा जगात मोजकी टेलिफोन खाती होती आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास होता. 'हा ग्राहक आता माझ्या जाळ्यात आला आहे, त्याचे संदेश इकडे पाठवा,' असे एका खात्याने सांगितले की दुसरे ऐकायचे. आज या जाळ्यात शेकडो कंपन्या आहेत, तरी ऐकण्याची सवय तीच. २०१४ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गमध्ये नोल आणि टोबियास एंगेल या संशोधकांनी या वाटेने दुसऱ्याचे संदेश आणि ठावठिकाणा मिळवता येतो हे दाखवून दिले. २०१७ मध्ये जर्मनीत याच वाटेने ओटीपी वळवून बँक खाती रिकामी केली गेली आणि तिथल्या ओ-टू टेलिफोनिका कंपनीने ते मान्य केले. अमेरिकेत परकीय हॅकर मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या आत शिरल्याचे उघड झाल्यावर २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या सायबर सुरक्षा संस्थेने, ज्यांच्यावर पाळत असण्याचा धोका जास्त अशा लोकांना लेखी सल्ला दिला. टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक असलेल्या ॲपवरच बोला आणि ओळख पटवण्यासाठी एसएमएसवर विसंबू नका.

टोकापासून टोकापर्यंत म्हणजे काय? किल्ली फक्त दोन टोकांच्या दोन फोनमध्ये असते. मधला टॉवर, एक्स्चेंज, कंपनी, कुणालाही मजकूर वाचता येत नाही. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये ही सोय सगळ्यांना दिली. पण तेच व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करताना ओळख पटते ती एसएमएसच्या सहा आकड्यांनी. तिजोरी पोलादी आणि तिची चावी तारेने पाठवायची, असा हा प्रकार आहे. म्हणून व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या टप्प्याचा स्वतंत्र पिन ठेवायची सोय आहे. ती किती जणांनी चालू केली आहे? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी हात वर करायला सांगितले. ४० जणांत ३ हात वर आले.

मला या सगळ्यात खटकते ते हे, की दोष कायम शेवटच्या माणसावर टाकला जातो. 'ओटीपी सांगू नका' हे आपण लोकांना इतक्या वेळा ऐकवले की पैसे गेले म्हणजे त्यानेच सांगितला असणार, असे समीकरण बनून गेले. आक्काने कार्डाचे आकडे सांगितले, ही चूक झाली. पण ते आकडे एटीएमच्या रांगेत, दुकानात, हॉटेलात कुणालाही दिसतात. ते कळल्यावर सगळे खाते उघडे पडत असेल, तर चूक त्या रचनेची आहे.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की खातेदाराचा दोष होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. प्रत्यक्षात काउंटरवर उलटे घडते. ७१ वर्षांची बाई शपथा घेते आणि बँक म्हणते, सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय. डीपीचे झाकण उघडायला कुणी शिडीवर चढत नाही.

काय करायला हवे, ते मी नोकरीतल्या माणसासारखे मुद्द्याने सांगतो.

पहिले, सिम बदलल्याची बातमी बँकेला कळलीच पाहिजे. कोणत्या नंबरचे सिम किती वाजता बदलले, हे कंपनीच्या यंत्राला सेकंदापर्यंत ठाऊक असते. पैसे सोडण्याआधी बँकेने तेवढे विचारायचे आणि कंपनीने हो-नाही सांगायचे. मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, जीएसएमएने, २०२३ मध्ये सुरू केलेल्या ओपन गेटवे उपक्रमात नेमकी ही विचारणा आहे. तंत्रज्ञान तयार आहे, आपल्याकडे ते सक्तीचे व्हावे.

दुसरे, २४ तासांचा नियम बदला. आक्काचे २४ तास शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार असे गेले आणि पुढे बँक बंद होती. ही मुदत बँकेच्या पुढच्या पूर्ण कामकाजाच्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत हवी. दुकानदार म्हणतात, प्रवासात फोन हरवलेल्या माणसाने काय करायचे? त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्याला कॉल आणि इंटरनेट लगेच द्या. थांबवायचे ते फक्त बँकांचे ओटीपी आणि यूपीआयची नोंदणी.

तिसरे, सिम बदलण्याआधी जुन्या सिमवर जो सूचनेचा एसएमएस येतो, तो मराठीत यावा आणि त्यासोबत तोंडी सांगणारा फोनही यावा. आक्काच्या फोनमध्ये तो एसएमएस आजही आहे. भाच्याने नंतर काढून दाखवला. इंग्रजीत, दोन ओळींचा, तिने कधीच न उघडलेला. ज्याला वाचता येत नाही त्याला इशारा दिला, असे कुणी कसे म्हणू शकेल?

चौथे, ज्याने चुकीच्या माणसाला सिम दिले त्याने नुकसान सोसावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवलेल्या निर्देशांत, नियम न पाळता झालेल्या व्यवहाराची पूर्ण भरपाई कार्ड वा खाते देणाऱ्या संस्थेने करावी, असे आहे. चांगले पाऊल आहे. दूरसंचार कंपनीवरही तशीच जबाबदारी हवी. ज्या दिवशी खोट्या अंगठ्याचे पैसे कंपनीच्या खिशातून जातील, त्या दिवशी काउंटरवरचा माणूस फोटोकडे नीट बघायला लागेल.

पाचवे, त्याच निर्देशांनी एसएमएसखेरीज ओळख पटवण्याच्या इतर मार्गांना वाव दिला आहे. बँकांनी ते गावच्या शाखेत बसून शिकवावेत. आणि बटणाच्या फोनवाल्यांना विसरू नये. टू-जी एका झटक्यात बंद करा, असे मी म्हणणार नाही. आक्कासारख्या माणसांचा तोच एक आधार आहे. पण ज्या खातेदाराने कधीच यूपीआय वापरलेले नाही, त्याचे यूपीआय एखाद्या शनिवारी रात्री अचानक चालू होऊ नये. त्यासाठी शाखेत एकदा येऊन सही करावी लागली, तर कुणाचे काय बिघडणार आहे?

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते आजच करा. फोनच्या सेटिंगमध्ये सिमचा पिन चालू करा, म्हणजे चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी उघडणार नाही. पिन मात्र वहीत लिहून ठेवा. व्हॉट्सॲपचा दुसरा पिन लावा. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये टू-जी बंद करायची सोय आहे, ती वापरा. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते. जे तुमचे नाही ते तिथूनच कळवा. पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका, १९३० ला फोन करा आणि त्याच दिवशी बँकेला लेखी द्या. आम्ही सोमवारी दुपारी फोन केला तेव्हा पुढच्या एका खात्यात २२ हजार रुपये अजून शिल्लक होते, ते गोठवले गेले. बाकीचे रविवारीच एटीएममधून निघाले होते. एक दिवस आधी कळले असते, तर चित्र वेगळे असते.

तो एक दिवस मला रोज टोचतो. शनिवारी मी आक्काला फोन लावला होता. लागला नाही. ३४ वर्षे याच कामात घालवलेल्या माणसाने टॉवर बंद असेल म्हणून फोन खाली ठेवला. शेजारच्यांना एक फोन केला असता, तर त्यांच्या फोनला रेंज आहे आणि फक्त आक्काच्याच फोनला नाही, हे पाच मिनिटांत कळले असते.

म्हणून एवढेच सांगतो. गावाकडे असलेल्या आई-वडिलांना, आत्याला, आक्काला आज एकदा फोन लावा. लागला नाही, तर शेजारच्या घरी लावा आणि विचारा, तुमच्या फोनला रेंज आहे का?